पांढऱ्या भिंतींचा हिशेब

गृहसजावटीच्या एखाद्या मासिकात किंवा फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये ‘स्कँडिनेव्हियन पद्धतीची मुलांची खोली’ आपण पाहिली असेल. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचा छोटा पलंग, राखाडी चादर, खिडकीला पातळ पांढरा पडदा आणि कोपऱ्यात एखादा लाकडी घोडा. भिंतीवर परीकथा नाहीत, छताला चांदण्या नाहीत. मूळच्या स्वीडिश आयकिया कंपनीचे दुकान २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईत निघाले, तेव्हापासून अशी मांडणी आपल्याकडेही प्रत्यक्ष पाहता येते. ती पाहून कोणी म्हणतात, ‘किती शांत वाटते!’ आणि कोणी म्हणतात, ‘दवाखान्यासारखी दिसते.’

आवडीनिवडीचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. विज्ञान शिकवणाऱ्याच्या मनात वेगळे प्रश्न यायला हवेत. हा फिकटपणा त्या देशांत आला कशासाठी? भिंत पांढरी केल्याने खोलीत नेमके काय होते? आणि ज्याच्यासाठी खोली सजवायची, त्या मुलाच्या डोळ्यांना, झोपेला आणि लक्ष देण्याच्या शक्तीला त्याचा काय उपयोग? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शालेय भूगोल आणि गणितात सापडतात. तिसरे उत्तर इतके सरळ नाही.

सात अंशांवरचा सूर्य

दक्षिणायन संपते त्या दिवशी, म्हणजे साधारण २२ डिसेंबरला, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो हे काढण्याची रीत सोपी आहे. त्या ठिकाणच्या अक्षांशात २३.४ मिळवायचे आणि बेरीज ९० मधून वजा करायची. मुंबईचा अक्षांश १९, म्हणून उत्तर येते सुमारे ४७.६ अंश. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ५९.३ अंश उत्तरेला आहे. तिथे उत्तर येते अवघे ७.३ अंश! हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी डोळ्याशी साधारण दहा अंशांचा कोन करते. म्हणजे स्टॉकहोमचा डिसेंबरातला दुपारचा सूर्य क्षितिजापासून एक मूठभरही वर येत नाही.

सूर्य इतका खाली असला की त्याचा उजेड जमिनीवर फार तिरपा पडतो. सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरला मिळणारा उजेड कोनाच्या ‘साइन’च्या प्रमाणात असतो. ७.३ अंशांचा साइन सुमारे ०.१३ आणि ४७.६ अंशांचा ०.७४. म्हणजे वातावरणाचा विचार न करताही स्टॉकहोमला मुंबईच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याइतकाच उजेड मिळतो. त्यात तिरप्या किरणांना हवेचा कितीतरी जाड थर ओलांडावा लागतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून मोठा. शिवाय दिवस जेमतेम सहा तासांचा. शाळा सुटायच्या आधी अंधार पडू लागतो. स्वीडनच्या उत्तर टोकाकडील किरुना गावी तर डिसेंबरात सुमारे तीन आठवडे सूर्य उगवतच नाही.

अशा ठिकाणी खिडकीतून आत येणारा प्रत्येक किरण जपून वापरावा लागतो. पांढरी भिंत हे तो जपण्याचे साधन आहे.

ही पद्धत तिथे अनादी काळापासून आहे असे मात्र नाही. खेड्यातली जुनी घरे लाकडी ओंडक्यांची, आतून काळपट असत आणि त्यांतली कपाटे व पेट्या भडक रंगांनी रंगवलेल्या असत. फिकट राखाडी, फिकट निळ्या रंगांचे वळण श्रीमंतांच्या घरांत पडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या गुस्ताव्ह राजाच्या काळात (१७७१ ते १७९२). ते सामान्य घरांपर्यंत यायला आणखी शंभर वर्षे लागली. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची पत्नी कारिन यांनी सुंडबॉर्न या गावातले आपले घर स्वतः सजवले. त्या घराच्या जलरंगचित्रांचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले आणि स्वीडनमधल्या घरांचा चेहरामोहरा ठरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी एलेन केय या लेखिकेने ‘सौंदर्य सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या शीर्षकाची पुस्तिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी ‘बालकाचे शतक’ हे तिचे गाजलेले पुस्तक आले. साधी, उजेडाची, झाडायला-पुसायला सोपी खोली हा मुलाचा हक्क आहे, हा विचार त्या काळात रुजला. गंमत अशी की लार्सन दांपत्याचे घर मुळीच बिनरंगी नव्हते. त्यांच्या जेवणाच्या खोलीत ठसठशीत तांबडा आणि हिरवा रंग आहे! उजेड भरपूर आणि रंग मोजक्या जागी, असा तो प्रकार होता. आजच्या कॅटलॉगमधला पांढऱ्यावर राखाडी, राखाडीवर पांढरा हा थाट त्यानंतरचा.

एक किरण किती वेळा कामाला येतो?

आता गणिताकडे वळू. खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर पडतो. चुन्याच्या किंवा साध्या रंगाच्या भिंतीवरून तो आरशासारखा एकाच दिशेने न जाता सगळीकडे विखुरतो. यालाच आपण अनियमित परावर्तन म्हणतो. विखुरलेला प्रकाश दुसऱ्या भिंतीवर, छतावर, जमिनीवर पडतो. तिथून पुन्हा विखुरतो. प्रत्येक वेळी पृष्ठभाग थोडा प्रकाश शोषून घेतो.

समजा, खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांची सरासरी परावर्तनक्षमता ‘प’ आहे. आत आलेला प्रकाश १ धरला, तर पहिल्या परावर्तनानंतर प उरतो, दुसऱ्यानंतर प चा वर्ग, तिसऱ्यानंतर प चा घन. पृष्ठभागांवर एकूण पडणारा प्रकाश म्हणजे या सर्वांची बेरीज:

१ + प + प² + प³ + …

ही आपल्या ओळखीची भूमिती श्रेढी. तिची बेरीज १ ÷ (१ − प). वर्गात ही श्रेढी बहुधा बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सांगून शिकवली जाते. खोलीतल्या उजेडाचे उदाहरण मला जास्त आवडते, कारण ही श्रेढी आपल्या डोळ्यांसमोर रोज चालू असते.

प जर ०.२ असेल तर बेरीज १.२५ येते. प ०.५ असेल तर २. आणि प ०.८ असेल तर ५! परावर्तनक्षमता चौपट झाली की बेरीजही चौपटच होते, असे या आकड्यांवरून वाटेल. पण मधला आकडा पाहा. ०.२ वरून ०.५ वर जाताना वाढ फक्त पाऊण; ०.५ वरून ०.८ वर जाताना तीन. ‘बऱ्यापैकी फिकट’ आणि ‘पांढरी’ या दोन खोल्यांत आपल्या अंदाजापेक्षा जास्त फरक असतो, तो यामुळे.

प्रत्यक्ष खोली घेऊ. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची अडीच मीटर. जमीन १२ चौरस मीटर, छत १२, चार भिंती मिळून ३५. त्यांतली २ चौरस मीटरची खिडकी. तिच्यावर आतून पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग बाहेर निघून जातो, म्हणून तिची परावर्तनक्षमता ०.१ धरू. एकूण पृष्ठभाग ५९ चौरस मीटर.

पहिल्या खोलीत छत ०.८५, भिंती ०.८ आणि फिकट लाकडाची जमीन ०.४ अशी परावर्तनक्षमता समजू. क्षेत्रफळांनुसार सरासरी काढली तर प येतो ०.७०५. दुसऱ्या खोलीत छत ०.७, गडद निळ्या-हिरव्या भिंती ०.४ आणि काळपट फरशी ०.१५. इथे प येतो ०.४०. सूत्रात घातल्यावर पहिल्या खोलीची बेरीज सुमारे ३.४ आणि दुसरीची १.६७. खिडकी तीच, आकाश तेच, पण पहिल्या खोलीत उजेड दुप्पट.

इथेच थांबले तर मुख्य गोष्ट निसटते. बेरजेतला पहिला १ हा थेट खिडकीतून आलेला प्रकाश. तो खिडकीसमोरच्या जागेला मिळतो. खोलीच्या ज्या कोपऱ्यातून आकाश दिसतच नाही, त्याच्या वाट्याला फक्त परावर्तित प्रकाश येतो. तो पहिल्या खोलीत २.४ आणि दुसऱ्या खोलीत ०.६७, म्हणजे साडेतीनपट फरक. मुलाचा पलंग, खेळण्यांची टोपली, अभ्यासाचे छोटे टेबल या गोष्टी बहुधा अशाच कोपऱ्यात जातात. (प्रकाश खोलीत सारखा पसरतो असे आपण गृहीत धरले आहे. ते काटेकोरपणे खरे नाही, आणि कपाटे-पडदे आले की आकडे खाली येतात. पण प्रमाणाचा अंदाज यावरून नीट येतो.)

हिशेबात जमीनही आहे, हे विसरू नये. पाइनचे लाकूड उजेडात हळूहळू पिवळसर-तपकिरी होते, कारण त्यातल्या लिग्निन या द्रव्यावर अतिनील किरणांची क्रिया होते. म्हणून डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये जमिनीच्या फळ्यांना वॉर्निशाऐवजी क्षाराचे पाणी लावून नंतर साबणाच्या पाण्याने घासण्याची पद्धत आहे. त्याने लाकूड फिकट राहते. हा सगळा खटाटोप ‘प’ वाढवण्याचाच.

मग महाराष्ट्रात याचा उपयोग नाही का? कोकणातल्या किंवा देशावरच्या मोकळ्या घरात उजेडाची वानवा नसते. तिथे ऊन आणि त्याबरोबर येणारी उष्णता बाहेर ठेवायची असते. पण मुंबई-ठाण्यातल्या अनेक घरांची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते आणि आकाशाची फक्त एक चिरोटी दिसते. अशी खोली १९ अंश अक्षांशावर असली तरी उजेडाच्या दृष्टीने ती उत्तरेकडचीच समजावी. खोलीतून आकाश किती दिसते, यावर सारे अवलंबून आहे. तिथे वरचे गणित जसेच्या तसे लागू पडते.

पांढरा रंग म्हणजे काय?

भिंतीला चुना देताना आपण एक गोष्ट पाहिलेली असते. ओला हात फिरवला की भिंत पांढरी दिसतच नाही. पाणचट, डागाळलेली दिसते. नवखा माणूस लगेच दुसरा हात मारायला निघतो. जाणता रंगारी म्हणतो, ‘वाळू द्या.’ वाळल्यावर भिंत लख्ख पांढरी होते.

याचे कारण अपवर्तनांकात आहे. चुना आणि त्यापासून बनणारे कॅल्शियम कार्बोनेट हे मुळात पारदर्शक स्फटिक. त्यांचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास. कणांच्या मधल्या जागेत पाणी असेल (१.३३) तर फरक थोडा, म्हणून प्रकाश फारसा न वळता आत शिरतो. पाणी उडून हवा आली (१.०) की फरक वाढतो आणि प्रकाश जोराने विखुरतो. हाच चुना तेलाच्या बंधकात कालवला तर वाळूनही पांढरा होत नाही, कारण बंधकाचा अपवर्तनांक १.५ असतो आणि तो कणांभोवती कायम राहतो.

म्हणून तेलरंगासाठी अधिक अपवर्तनांकाचे रंगद्रव्य हवे होते. शतकानुशतके ते काम सफेद्याने, म्हणजे शिशाच्या कार्बोनेटने केले. अपवर्तनांक २.० च्या जवळ, रंग उत्तम, आणि मुलांच्या दृष्टीने विष. रांगते मूल रंगाचे पोपडे तोंडात घालते, पलंगाचा कठडा चावते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधक असते आणि त्याची सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

शिशाला पर्याय मिळाला तो टायटॅनियम डायॉक्साइडचा, अपवर्तनांक २.५ ते २.७. त्याचे औद्योगिक उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दोन ठिकाणी सुरू झाले: अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळ, आणि नॉर्वेत फ्रेडरिकस्टाड येथे. नॉर्वेत इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे मोठे साठे आहेत, त्यातूनच हा पांढरा रंग निघतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. विद्यार्थ्यांनी लोहचुंबक घेऊन ती वाळू चाळली असेल, तर लख्ख पांढरी भिंत ज्यापासून बनते ते द्रव्य त्यांनी काळ्या रूपात हाताळले आहे.

भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुन्या घरातले त्याआधीचे तेलरंगाचे थर मात्र तसेच असतात. पिवळा, नारिंगी या रंगांत पूर्वी लेड क्रोमेट वापरत, म्हणून ते जास्त संशयास्पद. मुलाची खोली नव्याने रंगवताना असे थर कोरडे घासून धूळ उडवणे हे न रंगवण्यापेक्षा वाईट. पृष्ठभाग ओला ठेवून काम करावे आणि मुलाला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे.

शेड कार्डावर फिकट, भिंतीवर गडद

घर रंगवलेल्या प्रत्येकाची एक तक्रार असते. कार्डावर निवडलेला फिकट पिवळा भिंतीवर आंब्याच्या रसासारखा दिसतो. दुकानदाराला दोष दिला जातो. दोष बहुधा श्रेढीचा असतो.

समजा, एक फिकट पिवळा रंग तांबडा प्रकाश ८५ टक्के आणि निळा ६० टक्के परावर्तित करतो. कार्डावर तांबड्या-निळ्याचे प्रमाण १०० ला ७१. डोळ्याला ते जेमतेम पिवळसर दिसते. आता सगळी खोली याच रंगाची केली. तांबड्यासाठी १ ÷ (१ − ०.८५) म्हणजे ६.७ आणि निळ्यासाठी १ ÷ (१ − ०.६) म्हणजे २.५. खोलीत फिरणारा प्रकाशच पिवळा झाला. तो पुन्हा पिवळ्या भिंतीवर पडून आपल्या डोळ्यांत येतो. प्रमाण होते १०० ला २६. प्रत्यक्षात छत पांढरे असते, डोळाही काही अंशी जुळवून घेतो, म्हणून परिणाम इतका टोकाचा होत नाही. दिशा मात्र हीच.

‘न्यूट्रल’ म्हणजे उदासीन रंगाचा अर्थ यातून उलगडतो. उदासीन भिंत सर्व तरंगलांबींना सारखीच वागवते, म्हणून कितीही वेळा परावर्तन झाले तरी प्रकाशाचा रंग बदलत नाही. अशा खोलीत ठेवलेले तांबडे पुस्तक तांबडेच दिसते. स्वीडनमध्ये रंग सांगण्याची ‘नॅचरल कलर सिस्टीम’ नावाची पद्धत आहे. १९७९ मध्ये ती तिथले राष्ट्रीय मानक झाली. त्यात रंगाला चार आकड्यांचा संकेत असतो. ‘०५०२-वाय’ म्हणजे ५ टक्के काळेपणा, २ टक्के रंगीतपणा आणि तो पिवळ्या बाजूचा. स्वीडिश घरांत भिंतीसाठी हा संकेत फार चालतो. शुद्ध उदासीन पांढऱ्यात हा चिमूटभर पिवळा का? उत्तरेच्या आकाशाचा प्रकाश निळसर असतो, त्यात शुद्ध पांढरे थंड, फटफटीत दिसते. दोन टक्के पिवळा तिथे पुरतो, याचे कारण आपण आत्ताच पाहिले.

पलंगावर झोपून पाहा

आतापर्यंतचा हिशेब खोलीचा झाला. आता मुलाचा करू.

फिनलंडमधल्या पाइमिओ येथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पज्ञाने आखले. ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. (फिनलंड काटेकोरपणे स्कँडिनेव्हियात येत नाही, पण घरसजावटीच्या बाबतीत त्याला वेगळे काढता येत नाही.) तिथल्या रोग्यांच्या खोल्यांत भिंती फिकट आहेत आणि छत मात्र गडद हिरवट. वरचे गणित शिकलेल्या विद्यार्थ्याला हे चूक वाटेल. आल्टोचा विचार असा होता की उभा माणूस भिंत पाहतो, पण पडून असलेला रोगी दिवसभर छत पाहतो. त्याच्या डोळ्यांवर ते चमकता कामा नये. दिवाही त्याने रोग्याच्या नजरेच्या रेषेबाहेर ठेवला.

तान्हे मूलही दिवसाचा बराच वेळ पाठीवर असते. आपण खोली दारात उभे राहून पाहतो. मूल ती पाळण्यातून पाहते. आपल्याकडच्या खोल्यांत छताच्या मधोमध असलेला उघडा दिवा नेमका त्याच्या डोळ्यांसमोर येतो, आणि पांढरी खोली त्या दिव्याचा उजेडही तिप्पट करते. गुणाकार दिवसरात्र पाहत नाही. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने १९२५-२६ पासून ज्या दिव्यांची रचना केली, त्यांत एकात एक बसवलेल्या झाकणांमुळे कुठूनही पाहिले तरी आतला दिवा थेट दिसत नाही. तिकडच्या घरांत संध्याकाळी छतावरच्या एका मोठ्या दिव्याऐवजी कमी उंचीवर दोन-तीन लहान पिवळसर दिवे लावतात. डोळ्याच्या पडद्यात निळसर प्रकाशाला दाद देणाऱ्या काही खास पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास कळले. त्या मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात आणि झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचे स्रवण रोखतात. मुलांची बाहुली मोठी आणि भिंग जास्त स्वच्छ असते, त्यामुळे संध्याकाळच्या प्रखर दिव्यांचा त्यांच्यावर मोठ्यांपेक्षा अधिक परिणाम होतो. उन्हाळ्यात स्टॉकहोमला साडेअठरा तासांचा दिवस असतो. तेव्हा त्याच पांढऱ्या खोलीत पातळ पडद्यामागे अपारदर्शक गुंडाळी पडदा असावा लागतो. कॅटलॉगमधल्या चित्रात तो बहुधा वर गुंडाळलेला असतो.

दुसरी गोष्ट नजरेची. जन्मल्यावर मुलाच्या दृष्टीची तीक्ष्णता मोठ्या माणसाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी असते. रंग ओळखण्याची शक्ती पहिल्या तीन-चार महिन्यांत येते. फिकेपणातले सूक्ष्म फरकही त्याला दिसत नाहीत. ०.८ परावर्तनाच्या भिंतीसमोर ०.७ परावर्तनाचे बदामी खेळणे टांगले, तर दोन्हींतला फरक भागिले बेरीज, म्हणजे ०.१ ÷ १.५, सुमारे ७ टक्के. आपल्याला तो सहज दिसतो. महिन्याच्या मुलाला बहुधा दिसतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६० च्या आसपास दाखवून दिले, की तान्ही मुले कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षी असलेला, ठळक फरक असलेला पृष्ठभाग जास्त वेळ पाहतात, आणि चेहऱ्यासारखी आकृती त्यांना विशेष आवडते. तेव्हा फिकटाच्या शेजारी फिकट ही शांतता आईबापांच्या डोळ्यांची आहे. पांढरी भिंत राहू द्यावी, पण मुलाच्या चेहऱ्यापासून वीतभर-दीडवीत अंतरावर ठळक काळ्या-पांढऱ्या किंवा तांबड्या आकाराचे काहीतरी असावे. पाळण्यावर चिमण्यांचा झुंबर टांगणाऱ्या आजीला हे कोणी सांगावे लागले नव्हते.

मूल शाळेच्या वयाचे झाले की पारडे थोडे दुसरीकडे झुकते. २०१४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी बालवर्गातील २४ मुलांवर एक प्रयोग केला. काही विज्ञानपाठ तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत घेतले, काही उघड्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ दुसरीकडे होते, रिकाम्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. आपल्या वर्गातले सगळे तक्ते काढून टाकावेत असा याचा अर्थ मी घेणार नाही; मुले थोडी होती आणि काळही दोन आठवड्यांचा. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ शाळांतल्या १५३ वर्गखोल्या आणि ३७६६ मुले पाहिली. त्यांना खूप गजबजलेल्या आणि अगदी ओक्याबोक्या अशा दोन्ही खोल्या कमी फायद्याच्या आढळल्या. मधली स्थिती चांगली. फिकट भिंती आणि त्यांत एखादी ठळक रंगाची जागा, असा त्यांचा रंगाबाबतचा निष्कर्ष होता. लार्सनच्या जेवणाच्या खोलीची इथे आठवण होते.

आणखी एक आकडा या सगळ्याच्या शेजारी ठेवायला हवा. उत्तम पांढऱ्या खोलीतही उजेड सहसा काहीशे लक्स असतो. बाहेर सावलीतदेखील काही हजार आणि उन्हात पन्नास हजारांच्या वर. चीनमधील ग्वांगझौ येथील शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी झालेल्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले (हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला). भिंतीचा रंग कितीही विचारपूर्वक निवडला तरी ही उणीव भरून निघत नाही. फिकट खोल्यांचे माहेरघर असलेल्या त्या थंड देशांत तान्ह्या बाळाला भरपूर गुंडाळून, बाबागाडीत घालून दुपारी बाहेर अंगणात झोपवण्याची जुनी रीत आहे, ती अजून टिकून आहे.

तीन खोकी

बुटांची तीन रिकामी खोकी घ्या. एकाच्या आतून, झाकणासह, पांढरा कागद चिकटवा, दुसऱ्यात काळा किंवा गडद तपकिरी, तिसऱ्यात पिवळा. प्रत्येकाच्या एका अरुंद बाजूला वरच्या भागात सारख्याच मापाची, तीन सेंटिमीटर चौरस खिडकी कापा. खिडकी ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या आतल्या अंगाला, खिडकीच्या खाली कोपऱ्यात, पांढऱ्या कागदावर फिकट पेन्सिलीने एक अक्षर लिहून चिकटवा. या जागेला खिडकीतून थेट प्रकाश मिळूच शकत नाही. झाकणाच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यापुरते छिद्र पाडा, झाकण बंद करा, खिडकी उजेडाकडे करा आणि छिद्रातून तिरपे पाहा.

पहिल्या खोक्यात अक्षर वाचता येईल, दुसऱ्यात बहुधा नाही. मग दुसऱ्या खोक्याची खिडकी थोडी थोडी वाढवत न्या आणि अक्षर दिसू लागले की तिचे क्षेत्रफळ मोजा. पांढऱ्या भिंतीने किती खिडकी वाचवली ते चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. तिसऱ्या खोक्यात अक्षर दिसेल, पण कागदाचा रंग नीट पाहायला सांगा. मुले म्हणतील, हा कागद पिवळा आहे. तो काढून पहिल्या खोक्यातल्या कागदाशेजारी उजेडात धरा.